आधी बसवा, मग विचारा: प्रेम आणि पारख एकत्र नांदतात का?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळं चालेल. आजचा विषय जरा निवांत ऐकण्याचा आहे.

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "दादा, चर्चमध्ये शिकवतात की सगळ्यांवर प्रीती करा, मागेल त्याला द्या. आणि घरी आल्यावर तीच आई, जी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसली होती, म्हणते की कोणावर पटकन विश्वास ठेवू नकोस. मग मी नक्की काय करू? ख्रिस्ती माणसाने भोळं असायला पाहिजे का?"

प्रश्न भारी आहे. आणि फक्त ख्रिस्ती माणसाचा नाही. पण मी ख्रिस्ती घरात वाढलो, संडे स्कूलमध्ये शिकलो, म्हणून उत्तर त्याच बाजूने शोधतो. बाकीच्यांनीही ऐका, उपयोग होईल.

आधीच सांगतो, मी पाळक नाही, धर्मगुरू नाही. मी कोड लिहून पोट भरतो. पण या विषयात मी दोन वेळा नापास झालोय, आणि दोन्ही वेळा उलट्या दिशेने. म्हणून बोलतोय.

माझ्या दोन चुका

पहिली चूक. दीड-दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. हॉस्पिटलच्या बेडवरचं लहान मूल, नाकात नळी. खाली लिहिलेलं, आपल्याच विश्वासातलं कुटुंब आहे, आज संध्याकाळपर्यंत पैसे भरले नाहीत तर ऑपरेशन होणार नाही. शेवटी क्यूआर कोड. मी ऑफिसमध्ये होतो. डोळ्यात पाणी आलं, पाच हजार पाठवले. इथपर्यंत ठीक होतं. पण मी तो मेसेज आणखी तीन ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "मी स्वतः पाठवलेत, तुम्हीही पाठवा."

दोन दिवसांनी कळलं की फोटो कित्येक वर्षं जुना होता, दुसऱ्याच कुठल्या तरी मुलाचा. क्यूआर कोडवाला नंबर बंद. माझं नाव बघून अकरा जणांनी पैसे टाकले होते. त्यात एक आजी होत्या, ज्यांनी पेन्शनमधले दीड हजार दिले होते. आजी मला काही बोलल्या नाहीत. "देवाच्या नावाने दिले, देवाला माहीत," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसरी चूक. त्या प्रकारानंतर मी ठरवलं की आता कोणाला काही द्यायचं नाही. पुरावा दाखवा, मग बोला. चार महिन्यांनी रविवारी उपासना सुटल्यावर एक काका माझ्याकडे आले. एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन आहेत, चर्चमध्ये नेहमी शेवटच्या बाकावर बसतात. हळूच म्हणाले, "दादा, बायकोच्या तपासण्या करायच्यात, दोन हजार मिळतील का? पगार झाला की देतो." मी तिथेच, पार्किंगमध्ये, गाडीची किल्ली हातात घेऊन विचारायला सुरुवात केली. कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं? फाईल आहे का? बिल दाखवा, नंबर द्या, मी फोन करून बघतो. आजूबाजूला लोक होते. काका दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, "राहू द्या दादा," आणि निघून गेले. पुढचे पाच-सहा रविवार शेवटचा बाक रिकामा होता.

गरज खरी होती. ते मला नंतर कळलं.

ईमेलच्या स्पॅम फिल्टरच्याही अशाच दोन चुका असतात. कधी तो फसवा मेल आत सोडतो. कधी तो खरा मेल, समजा नोकरीचं ऑफर लेटर, कचऱ्यात टाकतो. यातली पहिली चूक शून्यावर आणणं अगदी सोपं आहे: सगळंच अडवायचं. असा फिल्टर लिहायला एक ओळ पुरते. पण मग ईमेल कशाला ठेवायचा? पहिल्या चुकीनंतर मी स्वतःत नेमका तोच एका ओळीचा फिल्टर बसवला होता. आणि त्याला मी पारख म्हणत होतो.

एकाच पानावर दोन्ही

मग मी मुळात काय लिहिलंय ते बघायला बसलो. बायबलच्या नव्या करारात योहानाचं पहिलं पत्र आहे, पाच अध्यायांचं. पहिल्या शतकाच्या शेवटाकडे ते लिहिलं गेलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. प्रीतीवर बोलायचं झालं की सगळे या पत्राचा चौथा अध्याय काढतात, कारण देव म्हणजेच प्रीती असं तिथे सांगितलंय. लग्नात वाचतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात.

पण तो अध्याय सुरू कशाने होतो? प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, आधी पारखून घ्या, कारण खोटे संदेष्टे खूप फिरतायत, या इशाऱ्याने. आणि अवघ्या सहा वचनांनंतर सातव्या वचनात तोच लेखक एकमेकांवर प्रीती करा म्हणतो. तेच पत्र, तोच अध्याय, तोच माणूस. आपण मात्र वरचा भाग कापून खालच्याची फ्रेम करतो.

पारखण्यासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे, दोकिमाझो, तो धातू आणि नाणी तपासण्यासाठीही वापरायचे. मराठीत आपल्याकडे याच्या अगदी जवळचा शब्द आहे: कसोटी. कसोटी म्हणजे मुळात तो काळा दगड, ज्यावर सोनार सोनं घासून कस बघतो. आता सोनार कस का लावतो? सोन्याचा द्वेष आहे म्हणून? उलट, सोन्याची किंमत कळते म्हणून. भंगार घेणारा कस लावत बसत नाही. पारख आणि प्रेम एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे आपण कुठून शिकलो कोण जाणे, या पत्रात तरी तसं नाही.

पौलाचंही तसंच. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीला तो त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. काय मागतो? तुमची प्रीती वाढावी, आणि ती ज्ञानात आणि सगळ्या प्रकारच्या विवेकात वाढावी. म्हणजे विवेक हा प्रीतीला लावलेला ब्रेक नाही. प्रीती मोठी होते ती विवेकातच.

आता योहानाच्याच नावावर असलेली दुसरी दोन पत्रं बघा, दुसरं आणि तिसरं. इतकी लहान की दोन्ही पाच मिनिटांत वाचून होतात. दुसऱ्या पत्रात इशारा आहे: जो ही शिकवण घेऊन येत नाही त्याला घरात घेऊ नका. तिसऱ्या पत्रात नेमकं उलट: गायस नावाच्या माणसाचं कौतुक, कारण त्याने अनोळखी प्रवासी भावांना घरात घेतलं. आणि दियत्रफेस नावाच्या माणसावर टीका, कारण तो त्यांना घेत नाही आणि जे घेतात त्यांना मंडळीतून बाहेर काढतो.

म्हणजे एका पत्रात दार बंद ठेवा, पुढच्यात दार उघडा. गोंधळ? नाही. त्या काळी चर्चच्या वेगळ्या इमारती नव्हत्या, मंडळी घरातच जमायची. शिक्षक म्हणून आलेल्याला घरात घेणं म्हणजे त्याच्या हातात माईक देणं. दुसरं पत्र सांगतं की माईक कोणालाही देऊ नका. तिसरं सांगतं की थकून आलेल्या माणसाला उंबऱ्यावर उभं ठेवू नका. आणि दियत्रफेसकडे बघा. त्याला पुढे-पुढे करायची, पहिलं स्थान मिळवायची हौस होती, असं पत्रातच लिहिलंय. त्याची सावधगिरी ही सावधगिरी नव्हतीच, आपली सत्ता राखणं होतं.

हे वाचून मी थोडा अस्वस्थ झालो. पार्किंगमध्ये किल्ली फिरवत प्रश्न विचारताना मला आतून थोडं बरं वाटत होतं. मोठं वाटत होतं. ते आठवलं.

सोळा छोट्या प्रकरणांचं मॅन्युअल

आता माझा सगळ्यात आवडता भाग. 'दिदाखे' नावाचं एक पुस्तक आहे. ग्रीकमध्ये दिदाखे म्हणजे शिकवण. हे बायबलचा भाग नाही, पण ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं आहे. पहिल्या शतकाचा शेवट किंवा दुसऱ्याची सुरुवात, असा अंदाज धरतात. शेकडो वर्षं याचं फक्त नाव आणि काही अंश माहीत होते. मग १८७३ साली फिलोथेओस ब्रिएन्निओस या ग्रीक धर्मगुरूंना कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात १०५६ साली उतरवलेली एक पोथी सापडली आणि त्यात हे पुस्तक निघालं. १८८३ मध्ये त्यांनी ते छापलं.

याची प्रकरणं छोटी-छोटी आहेत, सोळा. आणि यात त्या काळाचा एक अगदी व्यवहारी प्रॉब्लेम सोडवलाय. गावोगाव फिरणारे प्रचारक आणि संदेष्टे यायचे. काही खरे, काही फुकट खाणारे. ओळखपत्र नाही, फोन नाही. करायचं काय?

त्यांचे नियम ऐका. येणाऱ्या प्रत्येकाला आत घ्या, जणू प्रभूच आलाय असं समजून. हा पहिला नियम. तो एक दिवस राहील, गरज असेल तर दोन. तिसऱ्या दिवशीही बसून असेल तर तो खोटा संदेष्टा. जाताना त्याला पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी द्या. त्याने पैसे मागितले, तर खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने जेवणाचं ताट मांडायला सांगून स्वतःच त्यातून जेवला, तरी खोटा. (हा नियम लिहावा लागला म्हणजे कोणीतरी हे नक्की केलं असणार! मला दर वेळी हसू येतं.) अंगात आल्यासारखं बोलून "मला पैसे द्या" म्हणाला, तर ऐकू नका. पण दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल, तर त्याला दोष देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: संदेष्टा आत्म्यात बोलत असताना त्याची परीक्षा घेत बसू नका, तो जगतो कसा ते बघा. खरं शिकवतो पण तसं वागत नाही, तो खोटा.

पुढे आणखी आहे. कोणी तुमच्यातच राहायचं म्हणतोय आणि हातात कसब आहे? मग काम करून खाऊ दे. कसब नाही? मग तुम्ही डोकं लावून त्याची सोय बघा. हे तयारच नसेल, तर समजा की तो ख्रिस्ताच्या नावाचा धंदा करतोय. ग्रीकमध्ये त्यासाठी एकच शब्द आहे, ख्रिस्तेंपोरोस. ख्रिस्ताचा व्यापारी.

याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात मागेल त्याला द्या, परत मागू नका, असं आहे. आणि त्याच प्रकरणात थोडं पुढे असं की दान कोणाला द्यायचं हे कळेपर्यंत ते तुमच्या हातात घामेजू द्या. मुठीत नाणं घट्ट धरलंय, हाताला घाम सुटलाय, द्यायचं तर आहेच, पण कोणाला? मला ही कल्पना फार खरी वाटते. मूठ कायमची बंद करायला तिथे सांगितलेलं नाही. घाई करायलाही नाही.

आता याचा क्रम बघा, कारण माझ्या दृष्टीने सगळं उत्तर त्या क्रमात आहे. आधी आत घ्या. जेवू घाला. मग पारखा. पारख ही दारावरची तपासणी नाही, ती ओट्यावर बसून होते. काही दिवस जातात, माणूस दिसतो. आणि खर्च किती? दोन दिवसांचं जेवण आणि एक भाकरी. फसलात तरी एवढंच जाईल. म्हणजे त्यांनी फसवलं जाण्याची शक्यता शून्य केली नव्हती. ती परवडेल एवढी ठेवली होती.

हसणारा लुकियन

पण हे नियम नेहमी चालले का? नाही. दुसऱ्या शतकात लुकियन नावाचा एक लेखक होता, ग्रीकमध्ये लिहिणारा, तिखट विनोदी. तो ख्रिस्ती नव्हता. त्याने पेरेग्रिनस नावाच्या माणसावर लिहिलंय. लुकियनच्या मते हा पक्का बहुरूपी. पॅलेस्टाइनमध्ये ख्रिस्ती लोकांत शिरला, बघता बघता त्यांचा पुढारी झाला, मग तुरुंगात गेला. आणि ख्रिस्ती लोकांनी काय करावं? भल्या पहाटे विधवा आणि अनाथ मुलं तुरुंगाबाहेर उभी. पुढारी पहारेकऱ्यांना पैसे चारून रात्री त्याच्या सोबतीला आत. जेवणाचे डबे. आशियातल्या शहरांमधून माणसं आली, तीही मंडळीच्या खर्चाने. पैशांचा ओघ लागला. लुकियन हसतो: यांना कोणीतरी सांगितलंय की तुम्ही सगळे एकमेकांचे भाऊ आहात, म्हणून कोणीही हुशार भामटा येऊन यांच्यात झटपट श्रीमंत होऊ शकतो.

पुढे त्याच मंडळीने पेरेग्रिनसला बाहेर काढलं. निषिद्ध अन्न खाताना दिसला असावा, असं लुकियन म्हणतो. शेवटी १६५ साली ऑलिम्पिक खेळांच्या वेळी या माणसाने सर्वांसमोर चितेत उडी घेतली.

इथे आपणही जरा पारख लावू. लुकियन म्हणतो म्हणून पेरेग्रिनस भामटा, एवढं पुरेसं आहे का? ऑलस गेलियस नावाचा रोमन लेखक याच माणसाला अथेन्सबाहेर एका झोपडीत भेटला होता, आणि त्याने त्याला गंभीर, स्थिर वृत्तीचा माणूस म्हटलंय. एकाच माणसाबद्दल दोन साक्षी. स्क्रीनशॉट एकच बघून निकाल देऊ नका, हे तेव्हाही खरं होतं.

पण एक गोष्ट लुकियनला चेष्टेतही लपवता आली नाही. तुरुंगातल्या माणसाला हे लोक सोडून गेले नाहीत. त्यांच्या विरोधात लिहिणाऱ्याने त्यांच्यावर आरोप काय केला? की हे फार प्रेम करतात. माझ्यावर असा आरोप कोणी करेल का, असं मी स्वतःला विचारलं. पार्किंगमधला तो दिवस आठवून उत्तर मिळालं.

पौलाचा हिशेब

आता उलट बाजू. आतापर्यंत देणाऱ्याने काय तपासायचं ते बघितलं. घेणाऱ्याचं काय?

यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी पौल वेगवेगळ्या शहरांतून वर्गणी गोळा करत होता. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तो सांगतो की पैसे पोहोचवायला माणसं तुम्हीच निवडा. दुसऱ्या पत्रात तर आणखी स्पष्ट: तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतोय, कारण एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी आमच्यावर बोट ठेवू नये. देवासमोर चोख असणं पुरेसं नाही, माणसांसमोरही चोख दिसलं पाहिजे.

हा पौल आहे, लक्षात घ्या. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. ज्याचं मन स्वच्छ आहे तो स्वतःच हिशेब पुढे करतो. मी तर म्हणेन की ही सगळ्यात सोपी चाचणी आहे. हिशेब विचारल्यावर "तुमचा विश्वास कमी पडतोय" असं उत्तर आलं, तर सावध व्हा. मग समोर स्टेजवरचा मोठा वक्ता असो, यूट्यूबवरचा असो, किंवा आपल्याच गल्लीतला.

आणखी एक धागा. योहानाच्या पत्रात खोटी शिकवण ओळखायची खूण काय दिलीय? येशू देहाने आला हे जो मान्य करतो तो खरा. ऐकायला फार कोरडं, वर्गातलं वाक्य वाटतं. पण थोड्याच वर्षांनी अंत्युखियाचे इग्नात्य यांनी स्मुर्णा इथल्या मंडळीला पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात, ज्यांची शिकवण भरकटली त्यांच्याकडे बघा, त्यांना विधवेची फिकीर नाही, अनाथाची नाही, कैद्याची नाही, भुकेल्याची नाही. वाचल्यावर माझी ट्यूब पेटली. देवानेच देह घेतला असं मानलं, तर समोरच्या माणसाचा देह, त्याची भूक, त्याच्या बायकोच्या रक्ताच्या तपासण्या, हे सगळं पवित्र कामात येतं. देह खोटा मानला की मग ते सगळं बाजूला पडतं, आणि उरतात फक्त मोठ्या गप्पा.

रमाबाई आणि त्यांच्या आजीबाई

हे सगळं ग्रीक-रोमन झालं. आपल्या मराठीत कोणी हे जगून दाखवलं का? पंडिता रमाबाई.

रमाबाई इंग्लंडला गेल्या, तिथे वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. त्या जोगिणींनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेलं काम त्यांनी पाहिलं. या बायकांना इतक्या मायेने कोणी वागवू शकतं, हे त्यांनी आधी कुठे पाहिलं नव्हतं. असं का करता, या प्रश्नावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. १८८३ मध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांना आधी हलवलं ते प्रेमाने.

पण प्रेम मिळालं म्हणून त्यांनी डोकं गहाण ठेवलं नाही. सिस्टर जेराल्डीन, ज्यांना त्या मायेने आजीबाई म्हणायच्या, त्यांच्याशी रमाबाईंचे पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. चर्च सांगतं म्हणून मानायचं? नाही, मी वाचीन, मला पटेल, मग मानीन. आजीबाई नाराज व्हायच्या. नातं मात्र तुटलं नाही. पुढे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं. १९२२ मध्ये वारल्या, तोपर्यंत ते काम चालू होतं.

आणि १८९६-९७ च्या दुष्काळात? स्वतःचे आईवडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांत गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि तिथून उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. शिकवणीचा शब्दन् शब्द तपासणारी बाई उपाशी पोरीला दारात उभं करून कागद विचारत नव्हती. कुठे कस लावायचा आणि कुठे आधी ताट वाढायचं, हे त्यांना कळत होतं.

मग आज, मोबाईल हातात धरून, काय करायचं?

माझ्यापुरते मी हे ठरवलंय. पटलं तर घ्या.

एक, समोर माणूस असेल तर आधी बसवा. पाणी विचारा. प्रश्न नंतर, आणि एकट्यात.

दोन, "आज संध्याकाळपर्यंत" असं लिहिलेलं दिसलं की थांबा. खरी तातडी असते, मान्य. पण खऱ्या तातडीत एक फोन उचलणारं कोणीतरी असतंच. दोन मिनिटं नाणं हातात घामेजू द्या.

तीन, गरज थेट भागवता येते का बघा. हॉस्पिटलच्या काउंटरवर पैसे भरा, औषधं घेऊन द्या, किराणा भरा. दिदाखेमधली भाकरी तीच.

चार, जे स्वतः तपासलं नाही ते "मी पाठवलेत" म्हणून फॉरवर्ड करू नका. आपलं नाव म्हणजे दुसऱ्यासाठी पुरावा असतो. माझ्या पाच हजारांपेक्षा माझ्या त्या एका ओळीने जास्त नुकसान केलं.

पाच, भीती घालणारा संदेश देवाच्या नावाने आला तरी शंका घ्या. अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल, किंवा देवाने मला दाखवलंय की तुझ्यावर संकट आहे, अमुक रक्कम दे. योहानाच्या त्याच चौथ्या अध्यायात पुढे सांगितलंय की पुरी प्रीती भीतीला हाकलून देते. जे भीतीवर चालतं ते त्या घरचं नाही.

सहा, तुम्ही पैसे गोळा करत असाल तर दोघं मिळून करा आणि हिशेब ग्रुपवर टाका, कोणी मागायच्या आधी.

आणि फसलातच, तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपोटी दोन दिवस घालवले होते.

काकांच्या घरी

आता शेवटची गोष्ट, जी सांगायची होती म्हणून हा एपिसोड केला.

काका यायचे बंद झाले, तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "चल." आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. एक खोली, पत्र्याचं छप्पर. काकूंची तब्येत तेव्हा बरीच सावरली होती, पैसे त्यांनी मुकादमाकडून उचल घेऊन भागवले होते. काकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः खाली बसले. काकूंनी चहा टाकला. मी काही बोलायच्या आधी त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडला.

मी माफी मागितली. आधीच्या फसवणुकीचंही सांगितलं, म्हटलं, काका, म्हणून मी तसं विचारलं. काका म्हणाले, "विचारलंत त्याचं काही नाही दादा. विचारायलाच पाहिजे, जग तसंच आहे. फाईल मी दाखवली असती, पिशवीतच होती." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही उभ्या उभ्या विचारलंत."

बस, एवढंच.

तेव्हा मी दिदाखे वाचलेलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा पहिला नियम बघून थांबलो. आधी आत घ्या. काकांनी तो मला आधीच शिकवला होता, चहाच्या कपासकट.

तर व्हॉइस नोट पाठवणाऱ्या ताई, तुझं चर्च बरोबर आहे आणि तुझी आईही बरोबर आहे. भोळं व्हायची गरज नाही. विचार, तपास, हिशेब माग. फक्त माणसाला आधी बसव.

पुढचे काही रविवार मी शेवटच्या बाकावर बसलो, काकांच्या शेजारी. पाच-सहा आठवडे ते आले नव्हते, तेव्हा मला कळलं होतं की बाक रिकामा आहे. त्याआधीची दोन वर्षं तिथे कोण बसतं हे मी कधी बघितलंच नव्हतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमचेही असे अनुभव असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव न घेता वाचून दाखवीन. काळजी घ्या, मंडळी.